नळीमागची काळी रेघ

"मला काय झालंय? ठणठणीत आहे मी!"

"मग बसा ना! आजारी माणसं दवाखान्यात जातात. आमचं शिबिर ठणठणीत लोकांसाठीच असतं."

कोपरीच्या हॉलमध्ये आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं उतरवायला आलेला संदेश माझ्यासमोर बसला तो असा... खांद्यावर झेंडूच्या माळा घेऊनच. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची साधी चाचणी होती. नळीतल्या औषधात रक्ताचा थेंब टाकायचा, अर्ध्या तासाने नळीमागे काळी रेघ धरायची. रेघ स्वच्छ दिसली की सुटलात.

"दिसली. निघा आता."

"अर्धा तास बसवून ठेवलंत... चहा तरी पाजा!"

पाजला. मग चार महिने तोच पाजत होता.

लग्नाची बोलणी निघाली. पत्रिका जुळली आणि त्याच्या आई, विमलाबाई, म्हणाल्या, "हिचाही रिपोर्ट बघू." जगाचं रक्त तपासणारी मी, स्वतःचं कधी तपासलंच नव्हतं! तपासलं. रेघ... धूसर.

"पोरीच्या रक्तातच दोष आहे," म्हणत विमलाबाईंनी बोलणी मोडली.

माझं डोकंच सणकलं. अहो, ही चाचणी म्हणजे नुसती चाळणी! अंगात लोह कमी असलं तरी रेघ धूसर दिसते. चाळणीत अडकलेला प्रत्येक दाणा खडा नसतो, आणि एखादा खडा निसटतोही. म्हणून मोठी तपासणी मी दोघांचीही करायला लावली.

आठवड्याने तलावपाळीवर दोन बंद पाकिटं घेऊन बसलो.

"उघडायच्या आधी उत्तर दे," मी म्हटलं. "मी वाहक निघाले तर?"

संदेशने पाकिटं घेतली आणि न उघडताच फाडून टाकायला निघाला—

"ए शहाण्या, दे इकडे! रिपोर्ट वाचायचे असतात. मुलं होताना काय काळजी घ्यायची, ते यात असतं. लग्न कोणाशी करायचं, ते नसतं!"

"ते मी सांगतो ना. तुझ्याशी."

मग उघडली. मी वाहक होते, तो नव्हता. दोघंही वाहक असतील तरच मुलांना तो मोठा आजार होऊ शकतो; म्हणजे ती भीती नव्हती.

तशीच त्याला घेऊन त्याच्या घरी गेले. दारात विमलाबाई.

"मी वाहक आहे. आजारी नाही, आणि दोष तर मुळीच नाही माझ्यात!"

"हॉल बुक करतोय, आई," मागून संदेश म्हणाला. "फुलं मीच लावणार."

"आणि दारात नळ्यांचं टेबल मी मांडणार," मी म्हटलं. "पहिली सुई तुम्हाला."

विमलाबाई दारातून बाजूला सरकल्या. मग हळूच म्हणाल्या,

"फार दुखतं का गं?"