वरची चिमूट

वर्षाराणी दारात छत्री मिटत होती, तेवढ्यात आत फुस्स्स झालं... आणि नव्या मशीनमागून डोक्यापासून बुटापर्यंत गुलाबी झालेला एक माणूस बाहेर आला!

"पावणं, जोतिबाची यात्रा चैत्रात असतीया. तुमी आषाढातच न्हालासा व्हय?"

तो खोकला, शिंकला, मग हसला. गुलाबी चेहऱ्यात पांढरेशुभ्र दात. संपलं! वीस वर्षं जपलेलं वर्षाराणीचं काळीज तिथंच घसरलं.

त्याचं नाव आदर्श. हंबीररावांच्या गुलालाच्या कारखान्यात पाकिटं भरायचं मशीन बसवायला पुण्याच्या कंपनीनं त्याला पाठवलं होतं. आजवर ते काम वर्षाराणी आणि चार बायका हातानं करायच्या. मशीन चाललं की पाचही जणी घरी. आणि घरी म्हणजे... तिच्या दादांनी केव्हाच बजावलं होतं, "काम हाय तवर कॉलेज. काम सुटलं की मुरगूडचं स्थळ."

म्हणजे ज्या मशीननं त्याला आणलं, तेच तिला घालवणार होतं. तरी मेली रोज अर्धा तास आधी यायची!

बाहेर सारखी रिपरिप. ओल्या हवेनं गुलाल नळीत गोळा व्हायचा. कधी नव्वद ग्रॅम पडायचा, कधी एकशेवीस. आदर्श डोकं धरून बसायचा.

"तुम्ही भरून दाखवा बघू, शंभर ग्रॅम."

तिनं पाकीट भरलं, वर एक चिमूट टाकली. काट्यावर एकशे एक.

"चुकलात!"

"चुकतोय कुठलं? शंभर गिऱ्हाइकाचं. वरची चिमूट देवाची. आमी सगळ्या टाकतो."

"मशीनला चिमूट कळत नाही हो."

"म्हणूनच तर मशीन हाय की ते!"

तो काट्याकडे बघत राहिला. मग, "आणि... माझ्यासाठी?"

तिनं त्याच्या कॉलरवर बोटं झटकली. "घ्या. धुतलं तरी जायचं न्हाय."

"नकोच जायला," तो इतकं हळू म्हणाला, की पावसानंच ऐकलं असावं.

बाराव्या दिवशी त्यानं नळीजवळ गरम हवेचा पंखा बसवला. टक्... शंभर. टक्... शंभर. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या वर्षाराणीनं. मग माठामागं जाऊन ती पोटभर रडली.

निघताना तो दारात अडखळला. "वर्षाराणी... तुमचा नंबर—"

"कशाला? मशीन तर झालं की चालू!"

म्हणाली खरी, पण वाटलं, आणखी एकदा विचारेल. एकदाच! त्यानं मान हलवली, बॅग उचलली. गाडी वळणाआड गेली.

रविवारी साखरपुडा उरकला.

सोमवारी ती कारखान्यात राहिलेला डबा आणायला गेली. हंबीरराव मशीनसमोर करवादत होते. "आयला! त्या पोरानं जाताना एकशे एकवर लावलंय की!"

वर्षाराणीच्या हातातून डबाच निसटला. त्यानं मशीनला चिमूट शिकवली होती... तोंडानं जे जमलं नाही, ते असं सांगून गेला होता!

"काका, ऱ्हाऊ द्या की... देवाची हाय."

"हजार पाकिटांमागं किलोभर जातोय, पोरी!" त्यांनी बटण दाबलं. टिक्. एकशे एकचे शंभर झाले. बास, एवढंच.

मशीनच्या पट्टीवर कंपनीचा नंबर होता. बारा दिवस समोर बसून तिला तो पाठ झाला होता. बाहेर येऊन तिनं लावला.

"नमस्कार, मशीनबद्दल काय तक्रार आहे?" एक बाई बोलली.

"त्ये गुलालाचं मशीन..."

"कोल्हापूरचं का? आदर्श सर इथंच आहेत, देऊ का त्यांना?"

मागं कुणीतरी शिंकलं.

तिनं डोळे मिटले. बोटात मुरगूडची अंगठी, नखांत अजून गुलाल.

"नको," ती म्हणाली. "तक्रार न्हाय काई. आता... बरोबर शंभर भरतंय."