डाव्या हाताला कोणीतरी

डोळे मिटा पाहू. गच्च नको, हलकेच; झोपेचं सोंग घेताना मिटता ना, तसे. आता एक खोली आणा डोळ्यांपुढे. वरच्या मजल्यावरची, लांबट. वेळ दुपारची. खिडकीला जाड पडदा आहे, पण तो पुरता लागत नाही, म्हणून उन्हाची एक पट्टी जमिनीवर आडवी पडली आहे. समोरच्या भिंतीपुढे दोन लाकडी पेट्या उभ्या आहेत, तुमच्या खांद्याला लागतील एवढ्या उंच. गाण्याचे स्पीकर आहेत ते. दोघांच्या मधे बरंच अंतर आहे आणि त्या अंतरात काहीही नाही. रिकामी जमीन, मागे रिकामी भिंत. ती रिकामी जागा नीट बघून ठेवा.

ही खोली डॉक्टरकाकांची. डॉक्टर म्हणजे दातांचे. जन्मभर लोकांचे दात कोरले. यंत्राची ती किरकिर कानांत घेऊन घरी यायचे आणि आल्या आल्या इथे रेकॉर्ड लावून बसायचे. "दवाखान्यात मी सांगतो, तोंड उघडा," ते म्हणायचे. "इथे मात्र तोंड बंद, कान उघडे." खोलीत खुर्ची एकच, दोन्ही पेट्यांपासून सारख्या अंतरावर. झाडताना काकूंकडून ती जराशी सरकली, तरी काकांना बसल्याबरोबर कळायचं.

मग एका सकाळी काका उठले ते डावा कान बंद होऊनच. औषधं झाली, तपासण्या झाल्या, शेवटी कानाच्या डॉक्टरांनी हात टेकले. काकूंनी वरवर हसण्यावारी नेलं. "पूर्वी माझं बोलणं एका कानाने ऐकायचे आणि दुसऱ्याने सोडून द्यायचे. आता बाहेर पडायला वाटच नाही. आतच राहील सगळं."

काका हसले नाहीत. काही दिवस ते खोलीत जायचे, रेकॉर्ड लावायचे आणि अर्ध्यात उठून बाहेर यायचे. मग एकदा जेवताना म्हणाले, "रविवारी संध्याकाळी संगीतशाळेतली माणसं येतील. पेट्या, यंत्र, रेकॉर्डी, सगळं घेऊन जातील. तिथल्या मुलांना तरी ऐकू दे."

खालच्या मजल्यावर काकांची पुतणी राहायची. ती एका जागी टिकत नसे, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणायचे. बातमी कळताच ती दोन दोन पायऱ्या गाळत वर आली.

"काका, का पण? एक कान आहे ना चांगला?"

"एका कानाने गाणं ऐकू येतं गं. गाणारी कुठे उभी आहे ते ऐकू येत नाही."

भिंगरीला वाटलं, काका चेष्टा करताहेत. पण त्यांनी तिला रिकाम्या जागेकडे बोट करून दाखवलं. "तिथे उभी असायची ती. पेट्यांत नाही, मधे. तिच्या बाजूला व्हायोलिनवाला, दूरवर पियानोवाला. मला बोट ठेवून सांगता यायचं. त्याला दोन कान लागतात. आता सगळे एका गोणीत कोंबल्यासारखे उजव्या कानापाशी येऊन बसतात. बाई उभी नाही, खोली नाही, काही नाही."

"मी ऐकून सांगू तुम्हाला? कोण कुठे आहे ते?"

"तू? तुला बसता तरी येतं का?"

"येतं. आणि मी बरोबर सांगितलं तर नाही ना देणार?"

 काकांनी रेकॉर्ड काढली, मऊ ब्रशने पुसली आणि सुई ठेवली.

पहिल्या दिवशी भिंगरीला दोन पेट्याच ऐकू आल्या. ती पाय हलवत होती, खुर्ची कुरकुरत होती, तिचं नाक खाजत होतं. काकांनी रागावून पाहिलं नाही. त्यांनी तिच्या गुडघ्यांवर नुसता हात ठेवला. "ऐकायचा प्रयत्न करू नकोस. पाहुणे येणार आहेत असं समज आणि दार उघडं ठेवून बस."

दुसऱ्या दिवशी दार उघडलं.

कसं ते सांगणं अवघड आहे, पण तुम्ही डोळे मिटलेलेच आहेत, तर प्रयत्न करतो. आधी पेट्या नाहीशा झाल्या. म्हणजे होत्या तिथेच, पण आवाज त्यांच्यातून येईनासा झाला. मग समोरची भिंत मागे गेली. कोणी सरकवली नाही. ती मागे होती, इतकंच. लाकडी जमिनीचा एक मोठा दिवाणखाना समोर पसरला आणि त्यात एक बाई उभी होती. ती अजून गात नव्हती. तिने श्वास घेतला. भिंगरीला त्या श्वासाची उंचीसुद्धा कळली. बाई आईपेक्षा जरा ठेंगणी होती. मग गाणं सुरू झालं, आणि सूर तिच्या ओठांशी गोल होऊन, हवेत तरंगत, अगदी हातभर अंतरावर आला. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरताना गजाला चोळलेल्या राळेची बारीकशी खरखर ऐकू येत होती. पियानोवाल्याने पेडलवरचा पाय उचलला की लाकूड सुस्कारा टाकल्यासारखं वाजायचं. भिंगरीचं नाक खाजायचं थांबलं होतं. पाय आपले आहेत हेही ती विसरली होती.

"दाखव," काका हळूच म्हणाले.

तिने डोळे न उघडता बोट केलं. काकांनी तिथे खडूने खूण केली. मधोमध बाई. डावीकडे थोडा मागे व्हायोलिनवाला. मग तिचं बोट उजवीकडे भिंतीवर जाऊन थांबलं. "पियानो इथे आहे. पण भिंतीच्या पलीकडे. असं कसं?"

काका उठले, दाराबाहेर गेले आणि भिंतीपलीकडे जिन्याच्या वरच्या पायरीशी त्यांनी फुली मारली. परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "बरोब्बर," ते म्हणाले. "मलासुद्धा तो तिथेच भेटायचा."

"जिन्यात खडूची फुली कसली?" खालून काकूंनी विचारलं.

"तिथे पियानो आहे."

"हो का? मग जपूनच चढायला हवं."

तिसऱ्या दिवशी भिंगरी बसली आणि बाई दिसल्यासारखी उभी राहिली. सगळे आपापल्या जागी होते. गाणं निम्म्यावर आलं तेव्हा तिने पुन्हा बोट केलं. या वेळी डावीकडे, पेट्यांच्या बरंच अलीकडे.

"इथे कोण आहे?"

"तिथे कोणी नाही," काका म्हणाले. त्यांनी रेकॉर्डचं वेष्टन आणून दाखवलं. त्यावर फोटो होता: बाई, व्हायोलिनवाला, पियानोवाला. तिघंच.

"चौथं आहे. वाजवत नाही. नुसतं बसलंय. कपड्यांची सळसळ येते."

काकांनी सुई मागे नेऊन तो भाग उजव्या कानाने पुन्हा ऐकला. ही रेकॉर्ड त्यांना पाठ होती. गाणाऱ्या बाईने आवंढा कुठे गिळला तेही त्यांना माहीत होतं. कपड्यांची सळसळ त्यांनी कधी ऐकली नव्हती. "रस्त्यावरचं काही असेल," ते म्हणाले आणि खिडकी घट्ट लावून आले.

शनिवारी ते कोणीतरी आणखी अलीकडे होतं. उन्हाच्या पट्टीच्या अलीकडे. भिंगरीने बोट केलं तेव्हा काकांना खडू घेऊन फार वाकावं लागलं नाही. खूण खुर्चीच्या जवळच पडली.

"हे व्हायचं नाही," काका शांतपणे म्हणाले. दातांच्या डॉक्टरला शोभेल इतक्या शांतपणे. "आवाज पेट्यांच्या मधे येतो, मागे जातो, थोडा पुढेही येतो. पण इतका? कुठल्याच यंत्राला हे जमत नाही."

"घाबरू का मी?"

"तुला भीती वाटतेय का?"

भिंगरीने विचार केला. "नाही. ते काही करत नाही. व्हायोलिन वर चढतं ना, तेव्हा श्वास रोखून धरतं. आणि सूर संपला की सोडतं."

 त्या जागी काकाही नेमकं तसंच करायचे.

"छान ऐकतंय मग," ते अखेर म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

रविवारी दुपारी काकू संगीतशाळेच्या माणसांसाठी दोऱ्या आणि जुन्या चादरी काढून ठेवत होत्या. वर काकांनी रेकॉर्ड पुसली. "आज मी बसतो," ते म्हणाले. "एकदाच. नंतर तू सुई उचल."

ते खुर्चीत बसले. भिंगरी उजव्या हाताला उभी राहिली. डावी बाजू तिने मोकळी सोडली. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सुई टेकली. बाईने श्वास घेतला.

काकांचा चेहरा पहिल्यांदा नेहमीसारखाच होता, चांगल्या कानाकडे कललेला. मग हळूहळू त्यांची मान सरळ झाली.

त्यांनी हात उचलला. डोळे मिटलेलेच. बोट मधोमध गेलं, गाणाऱ्या बाईवर. मग डावीकडे, थोडं मागे. मग भिंतीपलीकडे, जिन्यात.

"मधे आली," ते पुटपुटले. "भिंगरे, मधे आली ती."

त्यांच्या डाव्या कानावरचे पांढरे केस हलत होते. खिडकी बंद होती.

व्हायोलिन वर चढलं. काकांनी श्वास रोखला. भिंगरीनेही रोखला.

सूर संपला. खोलीत श्वास सोडल्याचा आवाज आला. भिंगरीने अजून सोडला नव्हता. काकांची छातीही अजून फुगलेलीच होती.

गाणं संपलं. तिने सुई उचलली. यंत्र बंद केलं. खालून काकूंच्या चादरी झटकण्याचा आवाज येत होता.

काका तसेच बसून होते, हसऱ्या चेहऱ्याने. त्यांना हाक मारावी की मारू नये, तिला कळेना. पण दाराशी माणसं येण्याआधी एक गोष्ट विचारायलाच हवी होती. ती पाठीमागून फिरून त्यांच्या डाव्या बाजूला आली आणि बंद कानाशी तोंड नेऊन, श्वासापेक्षाही हळू, कुजबुजली.

"आता नाही ना देणार?"

"नाही देणार," काका डोळे न उघडता म्हणाले. "काकूला सांग, त्यांना फोन करून येऊ नका म्हणावं."

भिंगरी उडी मारणारच होती.

"पण एकेकीने विचारा गं," काका म्हणाले. "दोघी एकदम बोलायला लागलात तर मला काय कळणार?"

खोलीत त्या दोघांखेरीज कोणी नव्हतं. काकू खालीच होत्या. चादर झटकल्याचा आवाज अजून येत होता.

तुम्ही असता तर पळाला असता का? ती पळेल असंच कोणालाही वाटलं असतं. पाय तर तिचेच होते, एका जागी कधी न टिकणारे.

भिंगरी एक पाऊल मागे सरली आणि काकांच्या कानाशी जागा करून दिली. मग तोंडावर हात ठेवून, अजिबात न हलता, दुसरीचं बोलून होईपर्यंत ती थांबली.