बाळाच्या नावाची अंगाई, मोफत

पाण्याचा फिल्टर भरला आणि टक् करून बंद झाला. एवढासाच आवाज, पण दुपारच्या सामसुमीत शर्वरीने दचकून पलंगाकडे पाहिलं. पाच वर्षांच्या गार्गीने कूस बदलली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा झोपली. म्हणजे अजून अर्धा तास हातात होता. शर्वरीने लॅपटॉप मांडीवर ओढला.

यादीत सकाळपासून दोनशे अकरा नवे पत्ते आले होते. एकूण एकेचाळीस हजार. वर्षभरापूर्वी या यादीत तिची नणंद, दोन मैत्रिणी आणि चुकून शिरलेला एक गॅसवाला एवढीच माणसं होती. तान्ह्या बाळांच्या आयांना ती दर सोमवारी ईमेलने पत्र लिहायची. दात येणं, पोटातला मुरडा, चहू बाजूंनी येणारे सल्ले. पत्रं मनापासूनची होती, पण वाचणार कोण? आधी काहीतरी फुकट दे, मग लोक आपणहून पत्ता देतात, असं कुणीतरी सुचवलं. तिने झबल्याचे नमुने देऊन पाहिले, खिमटीच्या कृती दिल्या. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग तिने अंगाई दिली.

'स्वरठसा' तेव्हा नुकताच आला होता. त्याच्यासमोर दहा मिनिटं मोठ्याने वाचलं, की यंत्र तुमचा आवाज उचलायचं आणि त्या आवाजात हवं ते गायचं. शर्वरीच्या अर्जात दोनच रकाने होते: ईमेलचा पत्ता आणि बाळाचं नाव. ते भरले की तिच्या आवाजात त्या बाळाच्या नावाची अंगाई फोनवर हजर. फोन पाळण्याजवळ ठेवायचा. गाता गाता यंत्र बाळाचा श्वास ऐकायचं, कॅमेऱ्यातून त्याची हालचाल बघायचं, कुठल्या सुराला श्वास संथ होतो ते टिपायचं आणि दुसऱ्या दिवशी नेमका तोच सूर धरायचं. दर सोमवारी नवं कडवं, पण यादीत टिकून राहणाऱ्यांनाच. यादी कुणीच सोडत नव्हतं.

त्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या मृणाल चौगुलेच्या लेकीचं बारसं होतं. मस्कतच्या आत्याला रजा मिळेपर्यंत ते पाच महिने लांबलं होतं. नाव केव्हाच ठरलं होतं, पण बारशाआधी ते फोडायचं नाही असा मृणालच्या सासूबाईंचा दंडक. आजोबांनासुद्धा पत्ता नव्हता. घरात सगळे नुसतं 'छकुली' म्हणत.

सोसायटीच्या सभागृहात बायकांनी बाळाला पाळण्याच्या खालून-वरून फिरवलं. आत्याने कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. शाल्मली. बाळ पंख्याकडे बघत राहिलं. आत्याने जरा मोठ्याने म्हटलं, मग मृणालने तिला कडेवर घेऊन दोनदा हाक मारली. पापणीसुद्धा हलली नाही.

"बापावर गेलीय," आत्या म्हणाली. "हाकेला ओ म्हणून द्यायची नाही."

सगळ्या हसल्या. मागे घुगऱ्यांची वाटी घेऊन उभ्या असलेल्या शर्वरीलाही हसू आलं आणि ती सहज बोलून गेली, "शाल्मली, अगं बघ की आईकडे."

बाळाची मान गर्रकन वळली. डोळ्यांनी गर्दीतून नेमकं शर्वरीला शोधलं, आणि आईच्या कडेवरून दोन्ही हात पुढे करून ते तिच्याकडे झेपावलं.

आता कुणी हसलं नाही. शर्वरीच्या हातातली वाटी कलंडली, घुगऱ्या फरशीवर विखुरल्या आणि गार्गी त्या वेचायला खाली बसली. छकुली दिवसभर यांच्याकडे असते का, असं आत्याने मृणालला विचारलं. शर्वरीने त्या बाळाला आजवर एकदाही उचलून घेतलं नव्हतं.

मृणालने तिला जिन्यात गाठलं. स्वतःला गाता येत नाही म्हणून ती खोलीचं दार लावून दिवसातून तीनदा अंगाई लावायची. त्या वेळी आपण मध्येच बोललो तर सूर मोडेल, म्हणून तोंडातून शब्द काढायची नाही. हे सांगताना ती रडत नव्हती. तिचा चेहरा नुसता पांढरा पडला होता.

"घरात कुणाला नाव कळू दिलं नाही, ताई," ती म्हणाली. "अर्जात तेवढं भरलं. अर्ज म्हणजे काय माणूस थोडाच?"

वर येऊन शर्वरीने स्वरठशाचा मासिक अहवाल उघडला. त्यात 'प्रतिसाद' असा एक रकाना असायचा. अंगाई किती घरांत लागते त्याचा तो आकडा, असंच ती धरून चालली होती. ब्याण्णव टक्के पाहून तिने एकदा घरात पेढे वाटले होते. आज तिने पहिल्यांदाच त्याच्या खालचं बारीक टिपण वाचलं. या आवाजात स्वतःचं नाव ऐकून मान वळवणारी बाळं: ब्याण्णव टक्के. घरातल्या इतर आवाजांना: अकरा.

तिने तो आकडा तीनदा वाचला. मग तिने आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्र लिहिलं. अंगाई मी आज संध्याकाळी बंद करते आहे. बाळाला तुम्ही हाक मारा. बेसूर मारा, पण तुम्हीच मारा.

उत्तरं तिला वाटली होती तशी आलीच नाहीत. कुणी तिला दोष दिला नाही. एवढं करू नका ताई, तुमच्याशिवाय तो डोळा मिटत नाही, असं नाशिकच्या एकीने लिहिलं. दुसरीला जुळी होती, तिने फक्त एक महिना मागितला होता. अशी तीनशे पत्रं अर्ध्या तासात येऊन पडली. मधल्या वेळात अर्जातून आणखी सतरा नवी नावं आली, ती वेगळीच. शर्वरीने आधी अर्ज काढून टाकला. मग पाच वाजता तिने अंगाई बंद केली. एकेचाळीस हजार घरांत, एकदम.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खालून रडणं ऐकू आलं. आधी कुरकुर, मग हट्ट, मग श्वास अडकेल असा टाहो. त्यातच मृणालचा आवाज. शाल्मली, शाल्मली, माझी शाल्मली. सूर लागत नव्हता, घसा फाटत होता, पण ती थांबत नव्हती. बाळही थांबत नव्हतं.

शर्वरी नकळत दारापर्यंत गेली. एक मजला उतरायचा, एकदा नाव घ्यायचं. एवढ्याने ते लेकरू शांत झालं असतं. तिने कडीवर हात ठेवला. काढवेना आणि सोडवेनाही.

गार्गी मागून आली आणि तिच्या ओढणीला धरून खालचं रडणं कान देऊन ऐकत राहिली.

"आई," तिने विचारलं, "ती एवढी रडून कुणाला बोलावतेय? तिच्या आईला, की तुला?"