टाळ्यांची कॅसेट

मिक्सिंगवाल्यांचा एक धर्म असतो: हॉल ओस का असेना, टाळ्या कमी पडू द्यायच्या नाहीत. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, शिलाई कारखान्याच्या माळ्यावर शूटिंगचे तुकडे जोडून व्हिडिओ मिक्सिंग करणारी यशोधरा हा धर्म इमानेइतबारे पाळायची. सत्कार, बारसं, गॅदरिंग, कुठेही लोक छान टाळ्या वाजवताना दिसले की तेवढा तुकडा ती एका वेगळ्या कॅसेटवर उतरवून ठेवी. ज्याचा हॉल रिकामा, त्याला त्यातली माणसं उसनी. आजवर कुणाच्या बापाला पत्ता लागला नव्हता.

२००६च्या एप्रिलमधली दुपार. काम होतं बदलापूरच्या वैदेहीच्या नृत्यवर्गाचं, संमेलनाची तीन मिनिटांची झलक. ती संध्याकाळी केबलवर लागणार होती, आणि ती बघून नव्या मुली आल्या नाहीत तर वर्ग बंद करावा लागेल, असं वैदेहीने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. यशोधराने शब्द दिला होता, "पाच वाजता केबलवाला जनू येणार, त्याच्या हातात सीडी पडणार. टेन्शन नका घेऊ मॅडम."

शूटिंग मात्र बघवत नव्हतं. आपल्या पोरीचा नाच झाला की आईबाप रिक्षा धरणारे! शेवटच्या नाचाला समोर नुसत्या खुर्च्या. यशोधराने टाळ्यांची कॅसेट काढली. दुसऱ्या रांगेत हिरव्या साडीतली एक म्हातारी अगदी मन लावून टाळ्या वाजवत होती. तो तुकडा तिने शेवटी जोडला.

साडेतीनला वैदेही आली. खोलीला खिडकी नव्हती, उजेड काय तो स्क्रीनचा, आणि खालून मशिनींची घरघर. यशोधराच्या शेजारी बसून ती खुशीत बघत होती. शेवट आला तशी ती पुढे झुकली.

"ही बाई... कुठून आणलीत?"

यशोधरा ओशाळली. "सॉरी मॅडम. अंबरनाथचा सत्कार आहे, चार वर्षं झाली. तुमचा हॉल खाली दिसत होता ना, म्हणून..."

"ही माझी आई आहे." वैदेहीने स्क्रीनवरच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. "मी नाचते म्हणून एकाही कार्यक्रमाला आली नाही. दिवाळीत गेली."

"मग त्या सत्काराला आल्या असतील."

"शेवटची सहा वर्षं ती अंथरुणातून उठली नव्हती, यशोधरा."

यशोधराने टाळ्यांची कॅसेट पुन्हा लावली. सत्काराची माणसं होती, टाळ्या होत्या. दुसऱ्या रांगेतल्या मधल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. म्हातारी नव्हतीच. पण पावणेचार वाजले होते, आणि भ्यायला सवड नव्हती.

"काढून टाकते," ती म्हणाली. तुकडा उडवला, त्या जागी मुलींचे हसरे चेहरे लावले आणि कॉम्प्युटरला पुन्हा फिल्म बनवायला बसवलं. खाली चहाची सुट्टी झाली, मशिनी थांबल्या. त्या शांततेत हळू हळू टाळ्या ऐकू येऊ लागल्या. एकाच माणसाच्या. स्पीकर तर बंद होते. खोलीत नारायण तेलाचा वास दाटला.

"आईच्या पायांना मी हेच तेल..." वैदेही पुटपुटली.

नवी फिल्म सुरू झाली. मुलींचे चेहरे आलेच नाहीत. म्हातारी होती. आता ती टाळ्या वाजवत नव्हती, सरळ समोर बघत होती. तिने कमरेचा रुमाल काढला, शेजारच्या खुर्चीवर अंथरला, आणि कुणासाठी जागा धरावी तशी त्यावर थोपटलं.

वैदेहीचा चेहरा एकदम निवला. यशोधराला भीती वाटली ती त्या चेहऱ्याची.

"माझ्यासाठी जागा धरलीय... एकदा तरी बोलावलं गं तिनं." ती उठली, स्क्रीनकडे हात लांबवला. "आले हं..."

यशोधराने तिचं मनगट धरलं. बर्फासारखं गार होतं.

"नाय जायचं! चाळीस पोरी तुमची वाट बघतायत. जिवंतपणी नाय बोलावलं त्यांनी, आता कशाला?" आणि स्क्रीनकडे वळून ती म्हणाली, "आजी, ही येणार नाय. मी सोडणार नाय हिला."

एका हाताने मनगट तसंच धरून तिने कॅसेट बाहेर काढली, दातांनी झाकण उघडून आतली फीत ओढली आणि कात्रीने तुकडे तुकडे केले. मग तिसऱ्यांदा फिल्म बनवायला लावली. पूर्ण होईपर्यंत वैदेहीचा हात सोडला नाही. तो हळूहळू ऊबदार होत गेला, आणि वैदेही हुंदके देऊन रडू लागली. फिल्म स्वच्छ आली. शेवटी मुली हसत होत्या.

पाचला जनू आला. सीडी घेऊन त्याने वैदेहीलाही स्कूटरवर स्टेशनपर्यंत नेलं. जिन्यात उभी राहून यशोधरा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. वाचवलं बाईला, असं तिला मनापासून वाटलं. डोळे पुसून ती माळ्यावर परतली.

वैदेहीची खुर्ची रिकामीच होती. यशोधराच्या स्वतःच्या खुर्चीवर, चारी कोपरे नीट ताणून, एक रुमाल अंथरलेला होता.