ओतोकारदादाच्या फळ्या

खोटंच सांगायचं असतं, तर मी त्यात स्वतःला जरा बरं तरी दाखवलं असतं. जे घडलं तेच सांगतेय.

सहा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. गुरुवार, दुपारचे तीन. चेक देशातल्या मोराव्हियातलं आमचं जुनं शहर, चौकामागचं बरोक शैलीतलं चर्च. त्याच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. पर्यटक येतात, माना वर करून सोनेरी देवदूत बघतात, वरच्या सज्जातल्या ऑर्गनचे फोटो काढतात. ऑर्गनच्या मागे कुणी जात नाही.

मागे माझा दादा असायचा.

ओतोकारदादाने एकतीस वर्षं त्या ऑर्गनचे भाते पायांनी दाबले. होर्याक मास्तर वाजवायला बसले की एक खुंटी ओढायचे. मागे छोटी घंटा किणकिणायची, आणि दादा भात्यांच्या फळ्यांवर चढायचा. डावी, उजवी, डावी, उजवी. त्याचा डावा पाय अधू, म्हणून डावी फळी खाली जाताना दोनदा करकरायची.

मग भात्यांत वारा भरणारी विजेची मोटर आली. तिच्या समारंभात फादरनी सगळ्यांचे आभार मानले, वायरमनचेसुद्धा. दादाचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. मोटरची किल्ली मात्र माझ्या हातात दिली, आणि मी मेलीने ती हसत हसत घेतली.

दोन वर्षांनी दादा अंथरुणाला खिळला. एक दिवस म्हणाला, "व्लास्ता, एवढं कर. माझ्या अंत्यविधीला ती मोटर लावू नकोस. कुणीतरी पायांनी वारा भरा."

"कोण भरणार रे? मी?"

"लहानपणी येत होतं की! आता बाईसाहेबांचे गुडघे दुखतात वाटतं?"

"दुखतातच. आणि फादरना काय सांगू?"

"सांग, भाऊ वेडा होता माझा." तो हसला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मी फादरना विचारलंच नाही. उगाच कशाला तोंड उघडा, असं वाटलं. खरं सांगू? लाज वाटली मला त्याची.

त्या गुरुवारी मी ऑर्गनच्या मागे उभी होते. खाली दादाची शवपेटी. मास्तरांनी वाजवायच्या आधी किल्ली फिरवायची, एवढंच माझं काम. किल्ली मुठीत होती.

तेवढ्यात...

किणकिण.

मास्तरांनी खुंटी ओढली होती. एवढ्या वर्षांची हाताची सवय! ज्याला बोलवायचं, तो तर खाली पेटीत होता.

माझा हात जागीच थिजला.

आणि मग...

कर्र... कर्र.

डावी फळी खाली गेली. दोनदा करकरून.

मग उजवी.

फळ्यांवर दोन वर्षांची धूळ होती. त्या धुळीत पाऊल उमटत नव्हतं.

ऑर्गन वाजू लागला. भरदार, सगळं चर्च भरून टाकणारा. मोटरची घरघर कुठेच नव्हती. किल्ली माझ्या मुठीतच होती.

मी किंचाळले नाही. उभ्या उभ्या रडले.

सूर संपले. फळ्या थांबल्या. माझ्या अगदी शेजारी कुणीतरी धापा टाकत होतं... मी काय बोलते, याची वाट बघत असल्यासारखं.

मास्तर मागे डोकावले. "वा, व्लास्ताबाई! मोटर ती मोटर. सूर जरासुद्धा हलला नाही. आपला ओतोकार असता ना, देव त्याला शांती देवो, तर अर्ध्यातच दमला असता."

शेजारचा श्वास... थांबला.

बोल, आता तरी बोल, मी मनात म्हणत होते. नुसती मूठ उघडून किल्ली दाखवायची होती.

"हो," मी म्हणाले. "मोटर चांगलीच आहे."

कर्र.

एकदाच. कुणी फळीवरून खाली उतरावं तसं.

तेव्हापासून दर गुरुवारी, पर्यटक गेले की, मी स्वतः खुंटी ओढते. घंटा वाजते. मागे जाऊन म्हणते, "दादा, तूच होतास रे. मोटर बंद होती."

फळ्या हलत नाहीत. धूळ तशीच असते.

होर्याक मास्तर रोज भेटतात. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.