दुसऱ्या चॅनलमधलं मेण

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही. पण ज्या घरात ती घडली, त्या घरात मी जेवलोय... आणि म्हणूनच सांगतोय.

माझा आतेभाऊ गिटार वाजवतो. उंच आणि हडकुळा, म्हणून सगळे त्याला लंब्या म्हणतात. वहिनी गाते. एका हॉटेलात संध्याकाळी दोघांचा कार्यक्रम असायचा आणि त्यावरच घर चालायचं. पण वहिनीचा आवाज हल्ली पातळ पडत चालला होता. मॅनेजरने तोंडावर सांगून टाकलं होतं, उद्या ऐकतो, जमलं तर ठीक, नाही तर दुसरी गायिका बघतो.

रात्रबित्र नव्हती. भर दुपार होती.

एका बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत दोघं सराव करायचे. तिथे लंब्याने आवाज मोठा करणारा एक जुना ॲम्प आणून ठेवला होता. एका म्हाताऱ्या गिटारवाल्याचा. आत काचेचे व्हॉल्व्ह, पुढे दोन चॅनल, प्रत्येकाला वायर खोचायची दोन-दोन भोकं. वरचं गिटारसाठी, खालचं माइकसाठी. म्हाताऱ्याने देताना एवढंच बजावलं होतं की वरचं वापर, खालचं बंदच राहू दे.

सांगितलेलं ऐकेल तो लंब्या कसला.

गिटारवाल्यांची एक युक्ती असते. गिटार एका चॅनलला लावायची आणि त्याच चॅनलच्या दुसऱ्या भोकातून वीतभर वायर शेजारच्या चॅनलमध्ये खोचायची. मग दोन्ही चॅनल एकदम बोलतात. एकाचा धारदार आवाज, दुसऱ्याचा जाड. दोन्ही मिसळले की सूर असा भरतो की गाणारीचा पातळ गळासुद्धा त्यात झाकून जातो. लंब्याला नेमकं तेच हवं होतं.

पण खालच्या चॅनलची भोकं कुणीतरी मेणाने बुजवली होती.

लंब्याने हात पुढे केला. वहिनीने केसांतली पिन काढून दिली. थोडं टोकरल्यावर आतून एकदम लगदाच बाहेर आला. पिवळट आणि मऊ.

आणि... कोमट.

वास आजाऱ्याच्या तोंडाला येतो तसा होता. लंब्याने नाक मुरडलं, पिन पँटला पुसली आणि परत दिली. वहिनीने ती सवयीने दातांत धरली, दोन्ही हातांनी केस वळले आणि पिन खोचली.

त्या क्षणी कुणाच्याच काही लक्षात आलं नाही.

लंब्याने वायर जोडली आणि तार छेडली. असा सूर त्याने जन्मात ऐकला नव्हता. वहिनी गायला लागली. दोघं अगदी खुशीत होते.

गाणं संपलं. आणि त्या शांततेत...

चप.

लंब्याला वाटलं, वहिनीने तोंडात काहीतरी टाकलंय. त्याने वर पाहिलं. तिचं तोंड बंद होतं.

चप... चप... गुटुक.

आवाज ॲम्पमधून येत होता. कुणीतरी घाईघाईने, ओठ वाजवत काहीतरी खात होतं. मधेच लाळ ओढून घेतल्याचा आवाज यायचा. लंब्याने तारांवर तळहात ठेवला. आवाज चालूच. गिटारची वायर उपटली...

आवाज चालूच.

तेवढ्यात वहिनीला ठसका लागला. ती वाकली आणि ओकाऱ्या काढू लागली. तोंडातून मेणासारखा पिवळा धागा लोंबत होता. लंब्याने तो धरून ओढला. सुटेना. ओढत गेला तसा तो येतच राहिला, बुळबुळीत, आणि त्यात गुंडाळलेला एक लांब पांढरा केस.

वहिनीचे केस काळे आहेत. खांद्यापर्यंतच.

लंब्याने धागा मधेच तोडला. हातातला तुकडा भिरकावला आणि दोन चॅनलमधली ती वायर खस्सकन ओढून काढली. तिचं टोक ओलं होतं. भोकापासून टोकापर्यंत लाळेची तार लांबली... आणि तुटली.

सगळं शांत झालं. वहिनी पाणी प्यायली, म्हणाली आता बरं वाटतंय. लंब्या तसाच म्हाताऱ्याकडे गेला आणि त्याला चांगलंच फैलावर घेतलं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली.

"माझी बायको गायची त्या चॅनलवर," तो म्हणाला. "घशाचं दुखणं झालं. शेवटी शेवटी पाण्याचा घोटही उतरत नव्हता, पण माइक काही सोडला नाही. ती गेल्यावर एकदा ॲम्प लावला, तर आत ती जेवत होती. मला वाटलं, पोट भरलं की थांबेल. नाही थांबली. मग मेण भरलं."

"आता वायर काढलीय मी," लंब्या म्हणाला.

"ॲम्पातली काढलीस."

दुसऱ्या दिवशी ॲम्प न नेताच कार्यक्रम झाला. हॉटेलच्याच साध्या स्पीकरवर वहिनी गायली. आणि सूर असा भरला की लोक जेवायचं सोडून ऐकत राहिले. धारदार आणि जाड, दोन्ही एकदम. जणू दोन बायका एका गळ्यातून गात होत्या. मॅनेजरने तिथल्या तिथे दोघांना कायम केलं. वहिनी आनंदाने रडली आणि तिने लंब्याला मिठी मारली.

लंब्या मला म्हणाला, "तिच्या तोंडाला तोच वास होता रे."

तो अजून तिच्यासोबत वाजवतो. जीव आहे तिच्यावर, सोडणार कसा? पण तिने तोंड लावलेला पेला उचलायचीसुद्धा त्याला शिसारी येते, आणि त्या शिसारीची त्याला लाज वाटते.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे जेवायला होतो. वहिनीचं जेवण आधीच झालं होतं. चूळ भरून ती आमच्यासमोर येऊन बसली, ओठ मिटून, हसत.

आणि मला ऐकू आलं...

चप. चप. गुटुक.

मी लंब्याकडे पाहिलं. त्याने माझी नजर टाळली. त्याने आपलं अर्धं ताट वहिनीपुढे सरकवलं.

"नको रे, पोट भरलंय माझं," वहिनी म्हणाली.

"माहीत आहे," लंब्या म्हणाला.

तिने मान खाली घातली आणि खायला लागली.