चार वाजून शून्य सेकंद

"कोल्ड रूमचं दार रात्रभर उघडं होतं!" फोनवर साहेब ओरडत होते. "काल शेवटी कोण गेलं त्याचा कागद आत्ताच्या आत्ता पाठवा."

हजेरी विभागातल्या रजामावशींनी कागद छापून पाठवला. लसींच्या त्या भांडारात दहा ते चार सगळ्यांनी हजर राहायचं, बाकीचे तास ज्याने त्याने आपल्या सोयीने भरायचे. कोण कधी आलं, कधी गेलं, कोणाची किती रजा उरली, ते सगळं मावशींच्या मशीनमध्ये असे.

लसीचे दोन हजार डोस वाया गेले होते. कागदावर शेवटचं नाव होतं नव्या तंत्रज्ञ मुलीचं. सहा वाजून बारा मिनिटं, सदतीस सेकंद. दुपारी बाराला तिला कामावरून काढायचं ठरलं.

मावशींना काही बसवेना. पोरीच्या पोटावर पाय येत होता, आणि कागद त्यांनीच दिला होता. त्या तडक तिच्याकडे गेल्या.

"दार लावलं होतंस का गं?"

"मी आत गेलेच नव्हते, मावशी. चारनंतर पुढच्या खोलीत लेबलं चिकटवत होते."

"आत कोण होतं?"

"मिनिटराव असतात. पण ते चारलाच गेले ना? कागदावर आहे."

मावशींनी कोल्ड रूमच्या तापमापकाची पट्टी बघितली. साहेबांनी ती बघायची तसदी घेतली नव्हती. साडेसहापर्यंत रेष सरळ होती, मग चढत गेली होती.

मिनिटराव म्हणजे मुख्य तंत्रज्ञ. जाताना कोणी कार्ड लावायला विसरलं, की मशीन त्याचा दिवस आपोआप चारला बंद करी. दुसऱ्या दिवशी बाराच्या आत चिठ्ठी दिली, की बुडालेला वेळ परत मिळे. यंदा मिनिटरावांच्या अकरा चिठ्ठ्या आल्या होत्या. एक तर फक्त नऊ मिनिटांसाठी!

ते टेबलाशी बसले होते. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"काल कधी निघालात?" मावशींनी विचारलं.

"चारला."

"बरोब्बर चारला?"

"मशीन खोटं बोलतं का?"

"चिठ्ठी-बिठ्ठी द्यायचीय? अजून पंधरा मिनिटं आहेत."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मावशी जागेवर येऊन घड्याळाकडे बघत राहिल्या. मिनिटराव येऊन खरं सांगतील, असं त्यांना मनापासून वाटत होतं. बारा वाजले. कोणी आलं नाही.

साहेबांनी पेन उचललं, तशा मावशी मिनिटरावांना घेऊन आत शिरल्या. मुलगी भिंतीला टेकून उभी होती.

"सही करू नका, साहेब. ही शेवटची नव्हती."

"कागद तुमचाच ना?"

"माझाच. वाचायला मीच चुकले. चाळीस जणांच्या वेळा बघा, प्रत्येक वेळेत सेकंद आहेत. ह्यांची वेळ चार वाजून शून्य सेकंद. ती मशीनने भरलीय. ह्यांनी कार्ड लावलंच नाही."

"विसरलो असेन," मिनिटराव पुटपुटले. "पण गेलो चारलाच."

"दार साडेसहाला उघडं राहिलंय, पट्टीवर दिसतंय. तेव्हा ही बाहेर पडलेली होती. बाकी सगळ्यांच्या जायच्या नोंदी आहेत, नाही ती एकट्या तुमची. आणि नऊ मिनिटांसाठी माझं डोकं खाणारा माणूस अडीच तासांवर पाणी सोडतो? तुम्हाला ते चारच हवे होते."

मिनिटराव मटकन खुर्चीत बसले.

"फोन आला, वडील जिन्यावरून पडले. मागच्या दाराने तसाच धावत सुटलो. दार लावल्याचं आठवतच नाही. सकाळी कागदावर चार दिसले आणि... गप्प बसलो."

"हिची नोकरी जात होती!" साहेब कडाडले. "आणि एवढं झालं होतं, तर आज आलात कशाला?"

"रजा संपल्यात माझ्या."

मावशींचा राग कुठल्या कुठे गेला. घरच्यांच्या आजारपणाची तीन दिवसांची रजा मिनिटरावांच्या नावावर तशीच पडून होती. त्यांनी एका शब्दाने विचारलं असतं तरी पुरलं असतं.

साहेब मिनिटरावांच्या नावाचा नवा आदेश लिहू लागले. मुलगी पुढे आली. ती काय बोलणार, ह्या धास्तीने मिनिटरावांनी मान खाली घातली.

"बाबा कसे आहेत आता?" तिने विचारलं.

सकाळपासून त्यांना हे कोणीच विचारलं नव्हतं. मिनिटराव हमसून हमसून रडायला लागले.